कलकत्त्याचा पाणीपुरवठा व पटकी

कलकत्त्याचा पाणीपुरवठा व पटकी : पश्चिम बंगालच्या राजधानीतील (२००१ पासून अधिकृत नाव कोलकाता) पिण्याच्या पाण्याची व्यवस्था, तेथील गरीब वस्त्यांची घडण आणि पाण्यावाटे पसरणाऱ्या जंतुरोगांचा, विशेषतः पटकीचा, प्रसार यांच्या परस्परसंबंधाचा इतिहास. दूषित पाणी आणि नागरी दारिद्र्य यांचे नाते लंडन, हँबर्ग, मुंबई अशा अनेक शहरांच्या संदर्भात दाखविता येते. तथापि कलकत्त्याचे उदाहरण दोन कारणांनी वेगळे ठरते. पटकीच्या जंतूविषयीचे ज्ञान जगात ज्या थोड्या ठिकाणी घडले, त्यांत या शहराचा क्रम फार वरचा आहे; आणि ते ज्ञान ज्या वस्त्यांतील रुग्णांवरून व तळ्यांवरून मिळाले, त्याच वस्त्यांत शुद्ध पाणी सर्वांत शेवटी पोहोचले.

पटकी हा लहान आतड्याचा तीव्र रोग असून तो व्हिब्रिओ कॉलेरी या स्वल्पविरामाच्या आकाराच्या जंतूमुळे होतो. रुग्णाला तांदळाच्या धुवणासारखे जुलाब व वांत्या होतात आणि उपचार न मिळाल्यास शरीरातील पाणी व लवणे झपाट्याने कमी होऊन काही तासांतही मृत्यू ओढवू शकतो. रुग्णाच्या मलातून बाहेर पडलेला जंतू पाणी, अन्न किंवा हात यांवाटे दुसऱ्याच्या पोटात जातो. संसर्ग झालेल्यांपैकी पुष्कळांना कोणतीच लक्षणे जाणवत नाहीत, पण तेही काही दिवस जंतू बाहेर टाकीत असतात. यामुळे दाट वस्तीत रोग्याला वेगळे ठेवून साथ थांबत नाही. पाणीच सुरक्षित करावे लागते.

मराठी वाचकाच्या दृष्टीने या रोगाच्या नावाचा इतिहास मनोरंजक आहे. गोव्यातील पोर्तुगीज वैद्य गार्सिया द ओर्ता यांनी १५६३ मध्ये गोव्यात प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात अशाच लक्षणांच्या रोगाचे वर्णन केले असून त्याला स्थानिक नाव दिले आहे. हे नाव म्हणजे आपल्याकडील ‘मोडशी’ होय. पोर्तुगीजांनी त्याचे ‘मोर्देशी’ केले आणि पुढे फ्रेंचांनी उच्चारसाम्यावरून त्याला ‘कुत्र्याचे मरण’ अशा अर्थाच्या आपल्या शब्दांचे रूप दिले. सोळाव्या शतकातील तो रोग व १८१७ नंतर जगभर पसरलेली पटकी ही एकच होत, असे मात्र निश्चयाने म्हणता येत नाही. १८१७ च्या ऑगस्टमध्ये बंगालमधील जेसोर येथे उद्‌भवलेली साथ लवकरच कलकत्त्यात आली व तेथून सैन्य, व्यापार आणि यात्रा यांच्या मार्गांनी आशियाभर गेली. तेव्हापासून कलकत्ता हे पटकीचे माहेरघर मानले जाऊ लागले.

नळापूर्वीचे पाणी : एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत शहराला पाणी मिळे ते हुगळी नदी, विहिरी आणि असंख्य तळी यांतून. सखल, दलदलीच्या जमिनीवर घर उभारण्यासाठी मातीचा भराव लागे व ती माती जेथून काढली जाई तेथे तळे तयार होई. म्हणजे तळी ही घरांबरोबरच जन्माला आली. लाल दिघीसारख्या राखलेल्या तळ्याचे पाणी भिस्ती युरोपीय वस्तीत पोहोचवीत. इतरत्र मात्र एकाच तळ्यात स्नान, धुणी, भांडी आणि पिण्याचे पाणी भरणे ही सर्व कामे चालत व काठावरच्या संडासांचा निचराही त्यातच होई. नदीची स्थितीही चांगली नव्हती. बंगालच्या आरोग्य आयोगाचे अध्यक्ष जॉन स्ट्रेची यांनी १८६४ मध्ये दिलेल्या अहवालात शहरातून वर्षाला ५,००० हून अधिक प्रेते नदीत टाकली जात असल्याचे नमूद केले आहे. त्यांत सरकारी रुग्णालयांतील प्रेतांचाही समावेश होता, हे विशेष. अस्वच्छता ही केवळ ‘नेटिव्हांची’ सवय होय, या त्या काळच्या सरकारी समजुतीला या एका नोंदीने बराच छेद जातो.

पलता येथील जलकेंद्र : नगरपालिकेचे अभियंते विल्यम क्लार्क यांनी शहरासाठी भूमिगत गटारे व नळाचे पाणी या दोन्ही योजना आखल्या. शहराच्या वरच्या अंगास सु. २५ किमी. अंतरावर बराकपूरजवळ पलता येथे हुगळीचे पाणी उचलून ते निवळण-टाक्यांत स्थिर करावयाचे, नंतर वाळूच्या थरांतून सावकाश गाळून टाला येथे व तेथून पंपाने शहरात न्यावयाचे, अशी ही योजना होती. १८७० मध्ये ती कार्यान्वित झाली. तिची क्षमता दिवसाला ६० लाख गॅलन (सु. २७ दशलक्ष लिटर) होती, म्हणजे ४ लाख लोकांना दरडोई १५ गॅलन. मुंबईला विहार तलावाचे पाणी त्यापूर्वी दहा वर्षे, १८६० मध्ये मिळाले होते. परंतु ते गाळलेले नव्हते. कलकत्त्याचे पाणी गाळलेले होते आणि हा फरक महत्त्वाचा आहे. वाळूच्या थरावर काही दिवसांत सूक्ष्मजीवांचा एक बुळबुळीत पापुद्रा जमतो व तोच पाण्यातील बहुतेक रोगजंतू अडवितो. पलता येथील गाळण्या बांधणाऱ्यांना हे ठाऊक असण्याचे कारण नव्हते. गढूळपणा जावा म्हणून त्यांनी गाळण्या बांधल्या आणि जंतूही आपोआप गेले.

नळाच्या पाण्याबद्दल सनातनी कुटुंबांत प्रथम आक्षेप होता. तोट्यांतील चामड्याच्या चकत्या आणि सर्व जातींनी एकाच नळावर पाणी भरणे ही त्याची कारणे होती. तथापि सोयीपुढे हा आक्षेप फार काळ टिकला नाही आणि धर्मसभांतील चर्चेतून त्यावर पंडितांनी मार्गही काढले. नळ आलेल्या भागात पटकीचे मृत्यू ठळकपणे घटले, हे मात्र आक्षेप घेणारे व न घेणारे अशा सर्वांनाच दिसले.

येथवरची कथा नागरी सुधारणेच्या नेहमीच्या कथेसारखीच आहे. कलकत्त्याचे वैगुण्य पुढे सुरू होते. गाळलेले पाणी महाग पडते, म्हणून रस्त्यांवर शिंपडण्यास, गटारे धुण्यास व आग विझविण्यास ते वापरू नये, असे ठरले. या कामांसाठी न गाळलेले नदीचे पाणी पुरविणारे नळांचे दुसरे स्वतंत्र जाळे टाकण्यात आले. मल्लिक घाट येथील पंपगृहातून हे पाणी थेट शहरात सोडले जाई. हिशेबाच्या दृष्टीने ही योजना निर्दोष होती. मात्र गाळलेले पाणी ठराविक वेळीच येई व ज्याच्या घरी जोड असेल त्याला मिळे. न गाळलेले पाणी रस्त्याच्या कडेच्या तोट्यांवर पुष्कळ आणि फुकट होते. साहजिकच ज्याच्या घरी नळ नव्हता, त्याने त्या तोट्यांवर अंघोळ केली, भांडी घासली, चूळ भरली आणि पिण्याचे पाणी न मिळाल्यास तेच प्यायले. अशा तऱ्हेने एकाच शहरात दोन प्रकारचे पाणी खेळू लागले आणि कोणी कोणते पाणी वापरावयाचे हे भाडेपावतीवरून ठरू लागले.

कॉख यांचे तळे : १८८३ मध्ये ईजिप्तमध्ये पटकीची साथ आली असता जर्मन सरकारने रॉबर्ट कॉख यांच्या नेतृत्वाखाली एक पथक अलेक्झांड्रियाला पाठविले. साथ ओसरल्यामुळे तेथील काम अपुरे राहिले, म्हणून पथक डिसेंबर १८८३ मध्ये कलकत्त्यास आले. येथील मेडिकल कॉलेजच्या रुग्णालयात त्यांना शवविच्छेदनासाठी साहित्याची उणीव नव्हती. जानेवारी १८८४ मध्ये कॉख यांनी जंतूचे शुद्ध संवर्धन मिळाल्याचे कळविले. (हाच जंतू फ्लॉरेन्स येथील फिलिप्पो पाचीनी यांनी १८५४ मध्येच सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला होता, परंतु त्याकडे कोणी लक्ष दिले नव्हते.)

जंतू सापडला तरी तो पाण्यात असतो हे दाखविणे बाकी होते. त्याची संधी शहरालगतच्या बेलियाघाटा भागातील साहेब बागान नावाच्या झोपड्यांच्या वस्तीत मिळाली. तेथे एका तळ्याभोवती पटकीचे रुग्ण एकापाठोपाठ एक दगावत होते. तळ्याचे पाणी पिण्यास, स्वयंपाकास, स्नानास आणि धुण्यास वापरले जाई. पहिल्या रुग्णाचे मळलेले कपडे त्यातच धुतले गेल्याचे चौकशीत आढळले. साथ भरात असताना कॉख यांना तळ्याच्या काठच्या पाण्यात स्वल्पविरामी जंतू विपुल आढळले. साथ ओसरू लागल्यावर ते विरळ झाले. रोग्याच्या देहाबाहेर, निसर्गातील पाण्यात पटकीचा जंतू दिसण्याचा हा पहिला प्रसंग होय. जॉन स्नो यांनी लंडनमध्ये १८५४ साली पंपाच्या पाण्याविरुद्ध जो युक्तिवाद मृत्यूंच्या नोंदींवरून केला होता, त्याला येथे प्रत्यक्ष पुरावा मिळाला. कॉख यांनी पुढे बर्लिन येथील परिषदेत कलकत्त्याच्याच आकड्यांचा आधार घेतला आणि नळाचे पाणी मिळाल्यानंतर शहरात पटकी घटल्याचे दाखवून दिले.

हिंदुस्थान सरकारला हा निष्कर्ष रुचला नाही. सरकारचे आरोग्य आयुक्त जे. एम. कनिंगहॅम यांचा पटकी माणसाकडून माणसाकडे किंवा पाण्यावाटे जाते या मतालाच विरोध होता. हवा, माती व ऋतू यांच्या विशिष्ट संयोगाने ती उद्‌भवते असे ते मानीत. १८८४ मध्ये लंडनहून आलेल्या क्लाइन व गिब्ज या शास्त्रज्ञांनी जंतू असलेल्या तळ्याचे पाणी वापरूनही लोक निरोगी राहिल्याचे दाखवून कॉख यांचे म्हणणे फेटाळले. सौम्य व लक्षणहीन संसर्ग तेव्हा ज्ञात नसल्यामुळे हा आक्षेप अगदीच पोकळ नव्हता. परंतु त्यामागे शास्त्राबरोबर व्यापारही होता. १८६९ मध्ये सुएझ कालवा खुला झाला होता. पटकी हिंदुस्थानातून निघते व जहाजांबरोबर जाते हे मान्य केले असते, तर ब्रिटिश जहाजांवर यूरोपीय राष्ट्रांनी क्वारंटीन लादले असते. म्हणून ज्या शहरात पुरावा सापडला, त्या शहराच्या राज्यकर्त्यांनीच तो पुढे काही वर्षे अमान्य केला.

त्यानंतरच्या दशकात कलकत्त्याच्या वस्त्या पुन्हा एकदा प्रयोगशाळा ठरल्या. आरोग्य अधिकारी विल्यम सिम्प्सन यांच्या निमंत्रणावरून आलेल्या व्हाल्डेमार हाफकीन यांनी (हेच पुढे मुंबईत प्लेगची लस तयार करणारे हाफकीन होत) मार्च १८९४ मध्ये काठाल बागान या वस्तीत आपली पटकीप्रतिबंधक लस टोचली. तेथे सु. २०० रहिवाशांपैकी ११६ जणांनी ती घेतली. नंतर तेथे पटकीचे १० रुग्ण आढळले आणि ७ जण मरण पावले. ते सर्व लस न घेतलेले होते.

बस्तीची घडण : शुद्ध पाणी हा उपाय आहे हे १८७० च्या अनुभवाने व १८८४ च्या संशोधनाने दिसून आले असतानाही ते वस्त्यांत का गेले नाही, या प्रश्नाचे उत्तर जंतुशास्त्रात सापडत नाही, ते जमिनीच्या कायद्यात आहे. कलकत्त्याची ‘बस्ती’ ही महाराष्ट्रातील वाचकाच्या परिचयाच्या झोपडपट्टीहून वेगळी असते. ती बळकावलेल्या जागेवर नसून रीतसर भाड्याच्या जमिनीवर वसलेली असते आणि तिच्यात हक्काचे तीन थर असतात. जमीनमालक जमीन भाड्याने देतो. ती घेणारा ‘ठिका’ भाडेकरू तीवर कुडामातीची घरे बांधतो. त्या घरांतील एकेक खोली रहिवाशांना भाड्याने दिली जाते. या रचनेत नळाच्या जोडासाठी अर्ज कोणी करावयाचा? जमिनीवर उभे असलेले घर जमीनमालकाचे नव्हते. घर ज्याचे होते त्याला जमिनीवरून केव्हाही उठविता येत असल्यामुळे तो जमिनीत नळ पुरण्यावर पैसा घालीत नसे. राहणाऱ्याचा तर दोहोंवरही हक्क नव्हता. पाणीपट्टी मिळकतीवर बसे आणि १८७६ पासून नगरपालिकेत निवडणूक आली, तरी मताचा अधिकार ठराविक कर भरणाऱ्यांनाच होता. बस्तीतील माणूस भाड्याच्या रूपाने कर अप्रत्यक्षपणे देत असला, तरी मतदार यादीत त्याचे नाव नव्हते.

संडासांचा प्रश्न याच कारणाने अडला. भूमिगत गटारे पक्क्या घरांना जोडली गेली. बस्तीत मात्र हाताने साफ करावयाचे पाटीचे संडास विसाव्या शतकाच्या उत्तरार्धापर्यंत चालू राहिले. पावसाळ्यात या सखल वस्त्यांत पाणी साचे, तेव्हा संडास, गटार आणि नळाचा खड्डा यांतील अंतर उरत नसे. कॉख यांच्या संशोधनानंतर दूषित तळी बुजविण्यावर नगरपालिकेचा भर राहिला. तो शास्त्रशुद्ध होता. मात्र ज्याचे तळे बुजले त्याला बदली नळ त्याच वेळी मिळेलच असे नव्हते, आणि मग तो न गाळलेल्या पाण्याच्या तोटीकडे वळे. विसाव्या शतकाच्या मध्यास केलेल्या तपासण्यांत हुगळी व शहरातील कालवे यांच्या पाण्यात पटकीचे जंतू आढळले; त्याच नदीचे पाणी या तोट्यांना येत होते.

उपचारांतील प्रगती : पाण्याची व्यवस्था अशी रखडली असताना उपचाराचे शास्त्र मात्र याच शहरात पुढे गेले. लेनर्ड रॉजर्स यांनी १९०६ नंतर मेडिकल कॉलेजात शिरेतून तीव्र लवणजल देऊन पटकीचे मृत्युप्रमाण जवळजवळ निम्म्यावर आणले. हेमेंद्रनाथ चतर्जी यांनी १९५३ मध्ये सौम्य रुग्णांना तोंडावाटे मीठ-साखरेचे पाणी देऊन बरे केल्याचे प्रसिद्ध केले. १९७१ मध्ये बांगला देश मुक्तिसंग्रामाच्या वेळी बनगाव येथील निर्वासितांच्या छावणीत दिलीप महालनबीस यांनी याच पद्धतीचा मोठ्या प्रमाणावर अवलंब केला. पूर्वी सु. ३० टक्के असलेले मृत्युप्रमाण त्यांच्या देखरेखीखालील रुग्णांत ४ टक्क्यांहून खाली आले.

या सर्वांत शंभुनाथ दे यांचे कार्य मूलगामी स्वरूपाचे होते. कॉख यांना प्राण्यांत पटकी निर्माण करता आली नव्हती आणि त्यामुळे जंतू नेमके काय करतो हे सत्तर वर्षे गूढच होते. दे यांनी सशाच्या आतड्याचा बांधून घेतलेला तुकडा वापरून हा प्रश्न सोडविला आणि १९५९ मध्ये नेचर या नियतकालिकातील लेखात असे दाखविले की, जंतू काढून टाकलेला द्रवही आतड्यातून पाण्याचा लोट बाहेर काढतो. म्हणजे रोग जंतूच्या आक्रमणाने नव्हे, तर त्याने स्रविलेल्या विषामुळे होतो. अपुऱ्या साधनांनिशी झालेल्या या शोधाची दखल जगाने घेतली. १९७८ मध्ये दे यांना नोबेल परिसंवादाचे निमंत्रण आले. त्यांच्या हयातीत (मृत्यू १९८५) स्वदेशात मात्र त्यांचा यथोचित गौरव झाला नाही.

स्वातंत्र्योत्तर काळ : १९४३ चा दुष्काळ व १९४७ ची फाळणी यांमुळे शहरात लक्षावधी माणसे आली आणि पाण्याची व्यवस्था कोलमडली. १९४९ च्या ठिका भाडेकरू कायद्याने घरमालकाला काही संरक्षण मिळाले, पण खोलीत राहणाऱ्याच्या पाण्याचा प्रश्न त्यामुळे सुटला नाही. १९५८ मध्ये पटकीची मोठी साथ आली. त्यानंतर जागतिक आरोग्य संघटनेच्या तज्ञांनी शहराची पाहणी केली आणि सबंध महानगरासाठी पाणी व वाहितमल यांची एकत्रित योजना करावी असे सुचविले. १९६१ मध्ये कलकत्ता महानगर नियोजन संघटना व १९७० मध्ये कलकत्ता महानगर विकास प्राधिकरण स्थापन झाले. एखाद्या साथीतून नगरनियोजनाची संस्था जन्माला आल्याचे स्वतंत्र भारतातील हे ठळक उदाहरण होय.

१९७० नंतरच्या बस्ती सुधारणा कार्यक्रमाचे वैशिष्ट्य असे की, त्याने जमिनीच्या मालकीचा निकाल लागण्याची वाट पाहिली नाही. वस्त्या पाडून नवी घरे बांधण्याचा महागडा मार्ग सोडून आहे त्या जागी नळ, गटारे, फरसबंदी व दिवे देण्याचे ठरले. १०० माणसांमागे एक नळ व २५ माणसांमागे एक स्वच्छ संडास, असे प्रमाण ठेवण्यात आले. हे प्रमाण आज तुटपुंजे वाटेल. परंतु पाटीचे संडास जाऊन त्यांच्या जागी पाण्याचे संडास येणे हा बस्तीच्या इतिहासातील सर्वांत मोठा बदल होता आणि पलता येथील गाळण्यांनंतर त्याचेच महत्त्व मानावे लागेल. १९८१ च्या कायद्याने ठिका जमिनी राज्य सरकारने संपादन केल्या.

नळापासून ओठापर्यंत : बस्तीत नळ आले तरी पटकी गेली नाही, याची दोन कारणे संशोधनातून पुढे आली. पहिले कारण जंतूतील बदल हे होय. १९६१ मध्ये इंडोनेशियातून निघालेल्या सातव्या जागतिक साथीचा एल टॉर हा प्रकार १९६४ मध्ये कलकत्त्यात पोहोचला. तो जुन्या प्रकारापेक्षा सौम्य, परंतु पाण्यात अधिक काळ टिकणारा आणि लक्षणहीन वाहकांची संख्या वाढविणारा आहे. १९९२ मध्ये प्रथम मद्रासमध्ये व त्यापाठोपाठ कलकत्त्यात ओ-१३९ हा नवाच प्रकार उद्‌भवला. जुन्या प्रकाराविरुद्धची प्रतिकारशक्ती त्यावर चालत नसल्यामुळे प्रौढांनाही त्याची मोठ्या प्रमाणावर बाधा झाली.

दुसरे कारण अधिक साधे आहे. नळ दिवसातून काही तासच चालतो. तो बंद असताना नळातील दाब नाहीसा होतो आणि शेजारून वाहणाऱ्या गटाराचे पाणी गळक्या सांध्यांतून आत शोषले जाते. पाणी पुन्हा सुटते, तेव्हा पहिला लोट ही घाण घेऊनच येतो. शुद्धीकरण केंद्रातून निघालेले निर्दोष पाणी अशा रीतीने वाटेत नासते. लिटरमागे किमान ०·२ मिग्रॅ. क्लोरीन नळाच्या टोकापर्यंत शिल्लक राहावे, ही अपेक्षा यासाठीच आहे. मुंबईतही तानसा-वैतरण्याचे पाणी शुद्ध होऊन निघाले, तरी ते ठराविक तासच सुटते आणि डोंगरावरच्या किंवा नळवाहिनीच्या शेवटच्या टोकाच्या वस्त्यांना हाच धोका असतो. तेथे तर पाण्याची सांगड झोपडीच्या कायदेशीरपणाशी घालण्यात आली होती. ठराविक तारखेनंतरच्या झोपड्यांना नळजोड नाकारण्याच्या धोरणाविरुद्ध पाणी हक्क समितीने दाद मागितली, तेव्हा १५ डिसेंबर २०१४ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने पाणी हा जगण्याच्या हक्काचा भाग असून केवळ बांधकाम बेकायदा असल्यामुळे ते सर्वस्वी नाकारता येणार नाही, असा निर्णय दिला.

मर्यादित वेळेच्या नळामुळे पाणी साठवावे लागते आणि साठविलेल्या पाण्यात हात बुडतो. कलकत्त्यातील संशोधकांनी १९८६ मध्ये प्रसिद्ध केलेला एक प्रयोग या दृष्टीने मननीय आहे. पटकीचा रुग्ण असलेल्या वस्त्यांतील कुटुंबांचे तीन गट करण्यात आले. एका गटाला पाण्यात घालण्यासाठी क्लोरीन दिले, दुसऱ्याला अरुंद तोंडाची मातीची सुरई (बंगालीत ‘सोराई’) दिली व तिसऱ्याचे पाणी साठविण्याचे रुंद तोंडाचे भांडे तसेच राहू दिले. तिसऱ्या गटात १७·३ टक्के व्यक्तींना संसर्ग झाला. क्लोरीनच्या गटात ७·३ टक्के आणि सुरईच्या गटात ४·४ टक्के. पाणी तेच होते; फक्त पेला किंवा हात आत जाऊ शकत नव्हता. या प्रयोगाचा अर्थ काही प्रशासकांनी असा लावला की, दोष गरिबांच्या सवयींचा आहे. हा अर्थ चुकीचा आहे. ज्याच्या घरी चोवीस तास नळ वाहतो त्याला ना रुंद भांडे लागते ना सुरई; पाणी साठविण्याची गरजच मुळी पुरवठ्यातील तुटीमुळे निर्माण होते.

पाण्यात पटकीचा जंतू प्रत्यक्ष शोधणे खर्चाचे व किचकट असल्यामुळे नेहमीच्या परीक्षणात एशेरिकिया कोलाय या आतड्यातील जंतूचा शोध घेतात. तो बहुधा निरुपद्रवी असला तरी त्याचे अस्तित्व पाण्यात विष्ठा मिसळल्याचा पुरावा होय. पिण्याच्या पाण्याच्या १०० मिलि. नमुन्यात तो मुळीच आढळता कामा नये. नमुना कोठून घेतला यावर निकाल अवलंबून असतो, ही गोष्ट मात्र नगरपालिकांच्या अहवालांत सहसा स्पष्ट होत नाही. शुद्धीकरण केंद्रातील नमुना, रस्त्यावरील नळाचा नमुना आणि घरातील भांड्यातला नमुना ही तीन वेगळी पाणी होत आणि आजार तिसऱ्या पाण्याने होतो.

२००३ नंतर कोलकात्याच्या एका बस्ती भागात केलेल्या पाहणीत पटकीचे प्रमाण दरवर्षी हजार लोकांमागे १·६ आणि पाच वर्षांखालील मुलांत ६·२ आढळले. २००६ मध्ये अशाच वस्तीत तोंडावाटे देण्याच्या पटकीच्या लसीची मोठी चाचणी झाली. काठाल बागानमधील ११६ माणसांनंतर ११२ वर्षांनी झालेल्या या चाचणीत ६६ हजारांहून अधिक रहिवाशांनी भाग घेतला. पहिल्या दोन वर्षांत लसीने सु. ६७ टक्के संरक्षण दिल्याचे आढळले. २००९ मध्ये तिला भारतात परवाना मिळाला आणि २०११ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने ती मान्य केल्यावर हैतीपासून आफ्रिकेपर्यंतच्या साथींत अशा लसींचा उपयोग होऊ लागला. न गाळलेल्या पाण्याचे नळ मल्लिक घाटावरून एकविसाव्या शतकातही रस्ते धुण्यासाठी चालविले जात असून, पदपथावर राहणारी माणसे त्या तोट्यांवर अंघोळी करतात.